पांढरीवरचा पायाळू

माझा जन्म उलटा झाला, म्हणजे डोक्याच्या आधी पाय आले, यात माझा काही अपराध नव्हता. त्या वेळी मला कुणी विचारलेही नव्हते. असे जन्मलेल्याला पायाळू म्हणतात, आणि पायाळूने उसण भरलेल्या पाठीला लाथ लावली की पाठ मोकळी होते, असे आमच्या पुण्यातल्या आळीत सगळेच मानत. त्यामुळे आळीतल्या बऱ्याच वडीलधाऱ्या माणसांना मी लहानपणीच लाथा घातल्या आहेत आणि प्रत्येक लाथेनंतर त्यांच्या पाया पडून खडीसाखर घेतली आहे. पायाळूला आणखीही एक गोष्ट साधते म्हणतात. ती मात्र भोर संस्थानात पाऊल टाकीपर्यंत मला कुणी सांगितली नव्हती. सांगितली असती तर मी तोंड मिटून राहिलो असतो, आणि प्रोफेसर आठल्ये ताठ राहिले असते.

एकेचाळीस सालच्या पौषात प्रोफेसर आम्हा चार-सहा विद्यार्थ्यांना उत्खनन शिकवायला आंबवड्याच्या वाटेवरच्या एका वाडीत घेऊन गेले. वाडीबाहेर ओढ्याच्या काठाला राखेच्या रंगाची एक टेकडी होती. जिथे पूर्वी गाव नांदून गेले तिथली माती अशी फिकी पडते, म्हणून लोक तिला पांढर म्हणत. ती थरथराने खणायची, सापडेल ते खापर धुवायचे, आणि कोणत्या थरात काय होते ते टिपायचे, असा अभ्यास होता. माझ्या वडिलांना हा अभ्यास वाटत नव्हता. त्यांनी निघताना स्वच्छ सांगितले होते, "प्रोफेसरांनी तू कामाचा आहेस म्हटलं तर पुढे शीक. नाहीतर फाल्गुनापासून काकाच्या वकिली कचेरीत नकला करायला बस." काकाची कचेरी मी पाहिली होती. तिथे एक ढेकूणसुद्धा आनंदी नव्हता.

आमच्या घराखालच्या मजल्यावरच्या पेन्शनरांनी क्विनीनची पुडी दिली आणि बजावले, "मावळात जातोस. जमिनीकडे बघून चालत जा." या एका सल्ल्याने माझे जेवढे वाटोळे केले तेवढे डासांनीही केले नाही.

सर्व्हिस मोटार नसरापुरावरून भोरला, आणि तिथून बैलगाडीने वाडीत. गाडीतून कुदळी, घमेली, दोऱ्यांची बंडले उतरू लागली तसे पारावर बसलेले लोक एकेक करून उठून उभे राहिले. स्वागताला नव्हे. मोजून घ्यायला. रखमाजी पाटलांनी संस्थानचा हुकूम उलटासुलटा करून पाहिला, उजेडाला धरला आणि प्रोफेसरांना विचारले,

"काय काडनार म्हनं?"

"खापरं," प्रोफेसर म्हणाले.

"फुटकी?"

"बहुतेक फुटकीच."

पाटलांनी मागे वळून लोकांकडे पाहिले. "पुन्याचं लोक हायती. फुटकी खापरं न्यायला गाडी करून आल्यात." मग अगदी मऊ आवाजात, "मास्तर, आमच्या उकिरड्यावर लई हायती. वज्यानं न्या. खनायचा ताप कशाला?"

"आम्हाला जुनी हवीत."

"जुनी," पाटील म्हणाले, आणि त्या शब्दाभोवती सगळ्या पाराने मान डोलावली. शहाणा माणूस एवढ्या लांबून मातीसाठी येत नाही, हे तिथल्या शेळ्यांनाही कळत होते. उलट आम्हीही काही कमी नव्हतो. रात्री सामान आत घेताना आम्ही घमेलीसुद्धा दोरीने बांधून ठेवली. गावाला आमचा संशय आणि आम्हाला गावाचा. असा दोन्हीकडून सारखा ताणलेला दोर असला की मधे उभ्या राहणाऱ्याचा गळा आधी सापडतो. मधे मी होतो.

आमचा मुक्काम वेशीजवळच्या पहिल्याच घरात, अंबूबाईंच्या पडवीत होता. अंबूबाई एकट्या, पन्नाशीच्या, सुपारीसारख्या टणक. त्यांच्या कपाळावरचे गोंदण चुलीच्या उजेडात हिरवे दिसे, आणि बोलणे असे की भाकरी वाढता वाढता माणसाची सात पिढ्यांची चौकशी होऊन जाई. मला त्या जास्तीची भाकरी वाढत. कारण खणताना मी एकटाच असा होतो की ज्याला काही म्हणजे काही सापडले नव्हते. बाकीच्यांना मणी, काच, हाडाचा तुकडा असले काहीतरी मिळे. माझ्या चौकोनात मुंग्या होत्या. प्रोफेसर रोज येऊन वाकून बघत, "हं," म्हणत, आणि त्या एका "हं" मध्ये मला काकाच्या कचेरीचे दार उघडल्याचा आवाज येई.

अशात एके दिवशी दुपारी मी खापरे धुवायला घरी आलो, तर अंबूबाई हंड्याशेजारी ओणव्या. वरही येईनात, खालीही जाईनात.

"काय झालं?"

"उसन भरली, बाबा. हंडा उचलाया गेली." मग तशाच ओणव्याने मान वळवून, "तुमच्यात कुनी पायाळू हाय का?"

आता दिवसभर ज्याचा कुणालाही उपयोग नाही अशा माणसाला कुणी असे विचारले की तो काय करणार? मी म्हणालो, "मी आहे."

अंबूबाई उंबऱ्यात पालथ्या झाल्या. लुगड्याला पाठीवर ठिगळ होते, तेही नीट टाक्यांचे. मी वहाण काढली, देवाचे नाव घेतले, आणि आईच्या वयाच्या त्या बाईच्या कमरेला तीनदा पाय लावला. तिसऱ्या वेळी जरा जोरात लागला. कट्ट असा बारीक आवाज आला, जसा वाळल्या शेंगेचा येतो. मी घाईने पाया पडायला वाकलो, तोवर त्या उठून उभ्या, ताठ. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तो हात तसाच ठेवून माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिले.

"म्हंजी खरंच पायाळू," त्या म्हणाल्या. "तरीच मास्तरांनी आनलं तुमास्नी."

मला वाटले, कौतुक आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यांच्या घरघरीत जाग आली. मावळातली पहाट जात्यावर उगवते. एका घरची बाई ओवी सोडते, पलीकडची ती उचलते, आणि पिठाबरोबर शब्दही बारीक होत होत साऱ्या आळीभर पसरतात. मला ओव्यांची लहानपणापासून ओढ. मी गोधडीतच कान देऊन पडलो. अंबूबाईंचा आवाज होता:

*पुन्याचा पाव्हना, पाय आधी आला बाई*
*भुईच्या पोटातलं, त्येला दिसं ठाई ठाई*

पलीकडून तीच ओवी परत आली. मग ओढ्याकडून. मग वरच्या आळीतून. चाल इतकी गोड होती की अर्थ डोक्यात शिरायला तीन घरे जावी लागली. मग मी उठून बसलो. पायाळूला जमिनीत पुरलेले धन दिसते, असे त्या मुलखात मानतात, हे मला असे दळणातून कळले. आणि सूर्य उगवायच्या आत वाडीला आमच्या उत्खननाचा खरा उद्देश कळला होता.

सकाळी दारात पाठ धरून माणसे बसली होती. त्यातल्या अर्ध्यांची पाठ दुखत नव्हती. ती माझे डोळे बघायला आली होती. रखमाजी पाटलांनी लाथ घेतली, उठले, कंबर हलवून पाहिली आणि कानाशी येऊन म्हणाले, "खापरं व्हय?" एवढेच म्हणून गेले.

खरा घोळ पुढेच आहे. आपण काय बघतो हे माणसाला ठाऊक नसते. दुसऱ्याला असते. मी पांढरीवर बोरीच्या सावलीत बसून तळहातावरचा काटा काढत होतो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिथे गुडघाभर खड्डा. ओढ्यात तोंड धुताना बेडूक पाहिला, तर त्या काठाला खड्डा. मारुतीच्या देवळामागे मी कशासाठी थांबलो होतो हे सांगण्यासारखे नाही, पण तिथेही कुणीतरी खणले, आणि खणणाऱ्याची मला मनापासून दया आली. पेन्शनरांच्या सांगण्याप्रमाणे मी जमिनीकडे बघून चालत होतो, आणि माझ्या नजरेमागून सारी वाडी कुदळ घेऊन चालत होती.

शेवटी एक खड्डा प्रोफेसरांच्या चौकोनात पडला. महिनाभर सुरीने साय काढावी तसे उतरवलेले थर कुणीतरी एका दमात ढवळून टाकले होते. प्रोफेसर त्या खड्ड्याकडे अशा डोळ्यांनी पाहत उभे राहिले की मी टोपी काढली.

"सोवनी," ते म्हणाले, "काल तू इथे उभा होतास?"

"हो, सर."

"काय बघत होतास?"

"काही नाही, सर. वडिलांचा विचार करत होतो."

"तू पायाळू आहेस असं या लोकांना कोणी सांगितलं?"

मी सांगितले. हंडा, उसण, उंबरा, सगळे. प्रोफेसर विज्ञाननिष्ठ माणूस. अंधश्रद्धेला ते विंचवासारखे वागवीत. आवाज न चढवता म्हणाले, "पायाळू म्हणजे सुइणीची एक अडचण, बाकी काही नाही. यापुढे तू कुणाला लाथ मारायची नाहीस. आणि जमिनीकडे पाहायचं नाहीस. आणखी एक खड्डा दिसला तर तू पहिल्या मोटारीने पुण्याला."

उत्खननाच्या विद्यार्थ्याला जमिनीकडे पाहायची मनाई. तो हुकूम मी पाळला. मान वर करून चालू लागलो. दोनदा ओढ्यात पडलो, एकदा रखमाजी पाटलांच्या म्हशीवर आदळलो. आमच्यातल्या एकाचे डोळे आले होते, त्याचा काळा चष्मा मागून घेतला. तर पारावर चर्चा अशी की, "उगंच झाकलंय का? उघड्या डोळ्यानं बघितलं तर धन हालतं." धनगरवाड्यावरचा हरिबा मेंढरे सोडून पांढरीवर घोंगडे टाकून बसू लागला. तो काही बोलत नसे. मी डावीकडे मान वळवली की तो डावीकडे बघे. मी आभाळाकडे पाहिले की तोही आभाळाकडे बघे, आणि मग हळूच, नेमके त्याच्याखाली कोणती जमीन येते ते बघे.

असल्या बातम्या भोरला पोहोचायला तारखाते लागत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी घोड्यावरून अंमलदार मानसिंगराव आले. जाडजूड, तांबडे पागोटे, शब्द तोलून बोलणारे. घोड्यावरून उतरण्यापूर्वीच त्यांनी पांढरीवरचे सगळे खड्डे नजरेने गोळा केले.

त्यांना सामोरे जायला प्रोफेसर चरातून घाईने वर आले. आले ते हात जोडून, चांगले खाली वाकून. मानसिंगरावांना तो मान आवडला. त्यांनीही थोडी मान लववली. मग आणखी थोडी वाट पाहिली. प्रोफेसर वाकलेलेच.

"पुरे, पुरे," मानसिंगराव म्हणाले.

"क्षमा करा," जमिनीकडून प्रोफेसरांचा आवाज आला. "पाठीत काहीतरी झालं."

"उसन भरली," रखमाजी पाटील म्हणाले, आणि सगळ्या वाडीने एकदम माझ्याकडे पाहिले. मी आभाळाकडे पाहिले.

मानसिंगराव बोरीच्या सावलीतल्या घोंगड्यावर बसले. "प्रोफेसर, हुकूम खापरांचा आहे. जमिनीतलं धन सरकारचं. तुम्ही सोबत पायाळू आणलात म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही." त्यांनी घसा साफ केला. "पण नसतं काही, तर आणलात कशाला? हा मुलगा खरा पायाळू निघाला तर चर बुजवायचा आणि आज संध्याकाळी गाड्या जुंपायच्या."

"आन सायेब, अंबूबाईची पाठ ह्यानंच सरळ केली," पाटलांनी भर घातली. "साऱ्या गावानं बघितलं."

अंबूबाईंना बोलावणे गेले. सकाळी डोक्यावर दोन हंडे घेऊन खडा चढ चढताना मी त्यांना पाहिले होते. आता त्या आल्या त्या काठी टेकत, कंबरेवर हात, पाऊल पाऊल कण्हत.

"बाई, ह्या मुलाच्या लाथेनं तुमची पाठ बरी झाली का?"

"कुठली वो सायेब," अंबूबाई म्हणाल्या. "लाथ मारली तवापास्नं जास्तच धरलीया. पोर चांगलं हाय, पन पायात काय न्हाई त्येच्या."

माझ्या काळ्या चष्म्यामागे पाणी आले. माझी आईही माझ्यासाठी कधी इतक्या सरळ तोंडाने खोटे बोलली नव्हती. मग पारावरच्या लोकांत वाद लागला. कुणी म्हणे सरळ चालत होती, कुणी म्हणे वाकडीच होती. मानसिंगरावांनी हात वर केला.

"वाद कशाला? पाठ इथंच आहे, पायही इथंच आहे. ह्या प्रोफेसरांवरच बघू. बरे झाले तर पायाळू खरा, काम बंद. नाही झाले तर मुलगा खोटा, खापरं खणा सुखानं."

प्रोफेसर आठल्ये, दोन परदेशी पदव्यांचे धनी, पांढरीवर पालथे झाले. मी वहाण काढून जवळ गेलो. त्यांनी गाल मातीला लावून मला सांगितले, अगदी हळू, "सोवनी, नुसता टेकव. माझ्या पाठीला काही होता कामा नये. समजलं?"

"हो, सर."

मी नुसताच टेकवणार होतो. पण कितीतरी दिवस आभाळाकडे बघून चाललेल्या माणसाचे पाय जमीन विसरलेले असतात. पांढरीची माती भुसभुशीत. डावा पाय घसरला आणि उजवा सगळ्या अंगाच्या भाराने प्रोफेसरांच्या कमरेत बसला.

कट्ट.

तो आवाज मला ओळखीचा होता.

प्रोफेसरांचा चेहरा माझ्या बाजूला होता. त्यावर जे उजळले ते मी जन्मभर विसरणार नाही. पहाटेच्या पहिल्या झुळकीने पिकावरचे दव हलावे तसे ते सुख कपाळापासून हनुवटीपर्यंत आले. ओठ उघडले. डोळे मिटले. मग डोळे उघडले, आणि त्यांत त्यांचा चर आला, महिनाभराचे थर आले, संध्याकाळच्या गाड्या आल्या. ते सुख त्यांनी तोंडातला घास गिळावा तसे गिळले.

"आई गं," विज्ञाननिष्ठ माणूस कण्हला. आम्ही दोघातिघांनी त्यांना उठवले. ते उठले, आणि कमरेतून काटकोनात वाकून उभे राहिले.

"काही फरक?" मानसिंगराव.

"जास्त दुखतंय," प्रोफेसर म्हणाले.

मानसिंगराव उठताच हरिबाने घोंगडे झटकले, खांद्यावर टाकले आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडले. "खोटं पायाळू," तो म्हणाला, आणि मेंढरांकडे चालू लागला. मला इतके लागले की सांगता येत नाही. आळीतल्या किती पाठी मी सरळ केल्या होत्या, आणि एक धनगर मला खोटा म्हणून पाठ फिरवून जात होता, आणि मला त्याला हो म्हणणे भाग होते.

चर वाचला. पण मानसिंगराव संशयी माणूस. ते वाडीतच मुक्कामाला राहिले, आणि आमचे काम संपेपर्यंत प्रोफेसरांना वाकून राहावे लागले. वाकून शिकवणे, वाकून जेवणे, वाकून मोजणे. वाडी तशी मायेची. खोटा पायाळू घेऊन फिरणाऱ्या बिचाऱ्या मास्तरांसाठी जो तो औषध घेऊन आला. कुणी विटेचा शेक दिला, कुणी कोंबडीच्या चरबीने चोळले. रखमाजी पाटलांनी स्वतःच्या हाताने बिब्बा घातला. त्यानंतर पाठ खरोखरच दुखू लागली, आणि प्रोफेसरांचे कण्हणे सर्वांना अधिक पटले. एकांतात ते माझ्याकडे रोखून पाहत. मला पुण्याला पाठवण्याची भाषा त्यांनी पुन्हा केली नाही. पाठवले असते तर मी काय काय बोलत गेलो असतो याचा अंदाज त्यांना होता. शेवटच्या दिवशी त्यांनी वडिलांच्या नावे दोन ओळी लिहून दिल्या, 'मुलगा या कामाला योग्य आहे', आणि कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "यात विज्ञानाच्या विरुद्ध काही नाही."

निघायच्या सकाळी मी अंबूबाईंचा निरोप घ्यायला गेलो. बाकीचे गाडीत बसत होते. अंबूबाई जात्याशी उभ्या होत्या, आता घरात कुणी नव्हते म्हणून ताठ. मी त्यांच्या पाया पडलो. माझ्यासाठी त्या साऱ्या गावापुढे वाकल्या होत्या.

"तुमचे उपकार," एवढेच म्हणालो.

"उपकार कसलं, लेकरा. त्येंच्यापुडं खरं सांगितलं आस्तं तर समद्यांनी मिळून खनलं आस्तं."

"म्हणजे?"

त्या नुसत्या माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या, पहिल्या दिवशी पाहिले होते तशा. रडू दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. चष्मा परत दिलेला होता. नजर जात्याच्या पलीकडे, कोपऱ्यातल्या सारवणावर गेली, आणि डोळे भरले होते म्हणून तिथेच बराच वेळ राहिली.

अंबूबाईंनी हलक्या हाताने सूप घेतले आणि नेमके त्या जागेवर पालथे घातले.

"बरं," त्या म्हणाल्या. "नीट जावा, बाबा."

गाडी वेशीबाहेर पडली. वळण जाताच प्रोफेसर आठल्ये बसल्या जागी हळूहळू सरळ झाले, कणा कणा मोजत, आणि दोन्ही हात वर करून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मागून, वाडीच्या पहिल्या घराकडून, धप्प, धप्प असा आवाज येत होता. सारवलेल्या जमिनीवर पडणाऱ्या कुदळीचा आवाज आता मला बरोबर ओळखू येत होता.

"या वेळी कोण खणतंय?" प्रोफेसरांनी विचारले.

"काय माहीत, सर," मी म्हणालो, आणि भोर येईपर्यंत आभाळाकडे पाहत राहिलो.